योजनेवर ‘एवढे हजार कोटी’ म्हणतात, तो आकडा घरबसल्या कसा तपासायचा

लाडकी बहीणवरून ऑफिसात नाहीतर चहाच्या टपरीवर वाद पेटला की दोनच पार्ट्या पडतात. एक म्हणते राज्य बुडालं, दुसरी म्हणते बायकांना दीड हजार मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं. आणि दोन्हीकडून जे आकडे फेकले जातात ते कुठल्या वर्षाचे, नुसते जाहीर केलेले की बजेटमध्ये ठेवलेले की खरोखर खर्च झालेले, हे विचारलं की सगळे गप्प. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. यात अर्थशास्त्र वगैरे काही नाही, गुणाकार भागाकार येत असेल आणि मोबाईलवर पीडीएफ उघडता येत असेल तर बास.

उदाहरण लाडकी बहीणचंच घेतो कारण सगळ्यांना माहितीये, पण हीच पद्धत पेन्शन, पंपाची वीज, पीकविमा कशालाही लागू पडते.

आधी विचारा, हा आकडा चौघांतला कुठला

एकाच योजनेचे चार वेगवेगळे आकडे फिरत असतात. एक भाषणात जाहीर झालेला. दुसरा बजेटमध्ये तरतूद केलेला, याला अर्थसंकल्पीय अंदाज म्हणतात. तिसरा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर सरकार म्हणतं की आता एवढे लागतील असं वाटतंय. आणि चौथा प्रत्यक्ष रक्कम, जी हिशोब पक्के झाल्यावर येते आणि तोपर्यंत सगळे ती योजना सोडून दुसऱ्या कशावर तरी भांडत असतात.

आता बघा. 28 जून 2024 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी योजना जाहीर केली तेव्हा आकडा होता वर्षाला 46,000 कोटी. मार्च 2025 च्या बजेट भाषणात सांगितलं की जुलै 2024 पासून साधारण 2 कोटी 53 लाख महिलांना लाभ दिला आणि 33,232 कोटी खर्च झाले. त्याच भाषणात 2025-26 साठी तरतूद केली 36,000 कोटींची. आता यातले 46 आणि 36 घेऊन कुणी म्हणतं "दहा हजार कोटी कापले", आणि 33 आणि 36 घेऊन दुसरा म्हणतो "तीन हजार कोटी वाढवले", आणि दोघंही कागदावरचाच आकडा वाचत असतात, त्यामुळे वाद मिटायचं कारणच नाही. पण 33,232 हा नऊ महिन्यांचा आकडा आहे, जुलै ते मार्च, आणि 36,000 हा बारा महिन्यांचा. कालावधी सारखा नसेल तर आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत, हा पहिला नियम.

मग भागाकार करा, कारण खरी गंमत तिथे आहे

महिना 1,500 म्हणजे वर्षाला 18,000. आता कुठलाही वार्षिक आकडा घ्या आणि 18,000 ने भागा, सरकारच्या मनात किती बायका आहेत ते लगेच कळतं.

46,000 कोटी भागिले 18,000, उत्तर साधारण 2 कोटी 55 लाख. म्हणजे जाहीर करताना सगळ्यांना धरलं होतं. 33,232 कोटींना नऊ महिन्यांच्या 13,500 ने भागा, 2 कोटी 46 लाख येतात, म्हणजे भाषणातल्या 2 कोटी 53 लाखाच्या जवळपास, हिशोब जुळतोय. आणि आता 36,000 कोटींना 18,000 ने भागा. बरोब्बर 2 कोटी.

इथे थांबून विचार करा. नऊ महिने अडीच कोटींच्या आसपास महिलांना पैसे दिले असं एकीकडे सांगायचं आणि पुढच्या वर्षाची तरतूद दोन कोटींपुरती करायची, याचे अर्थ दोनच निघतात. एकतर यादीतली नावं कमी होणार, नाहीतर वर्षाच्या मध्येच पुरवणी मागणी, म्हणजे बजेटच्या वर जादा पैशाची मागणी, येणार. मार्च 2025 मध्ये कुणी हा भागाकार केला असता तर पुढे छाननी, अपात्र यादी, ई-केवायसी हे सगळं अचानक का आलं म्हणून आश्चर्य वाटलं नसतं. बजेटच्या दिवशीच ते लिहून ठेवलं होतं, फक्त आकड्यात.

तसंच 2,100 चं. निवडणुकीत महायुतीने 2,100 चं आश्वासन दिलं होतं. 600 रुपये जास्त म्हणजे एका बाईमागे वर्षाला 7,200. दोन कोटी महिला धरल्या तरी 14,400 कोटी वरचे. हा आकडा डोक्यात ठेवला की दर अधिवेशनाला "2,100 कधी" या प्रश्नाला गोलगोल उत्तर का मिळतं ते समजतं.

बजेटची कागदपत्रं कुठे आणि त्यात काय बघायचं

राज्याच्या वित्त विभागाच्या साइटवर बजेट सादर झालं की पीडीएफ पडतात. भाषण वाचा पण भाषणावर थांबू नका, त्यात शेरोशायरी जास्त असते. संक्षिप्त माहितीचं जे पुस्तक असतं ते आधी उघडा. टेबलात साधारण चार रकाने असतात, मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. सवय लावून घ्या, सगळ्यात आधी दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी वाचायचा. अंदाजापेक्षा सुधारित आकडा फुगलेला दिसला की समजायचं इथे काहीतरी घडलंय. कमी झालेला दिसला तर तिथला पैसा दुसरीकडे गेलाय किंवा खर्चच झालेला नाही.

दुसरं म्हणजे टेबलाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं, कुठे कोटीत, कुठे लाखात, कुठे हजारात. ते न बघता वाचलं की शंभरपट चुकतं आणि मग तोच आकडा व्हॉट्सॲपवर फिरत राहतो.

तपशीलवार पुस्तकात शिरायचं असेल तर योजनेचं नाव शोधण्यापेक्षा लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या प्रकाराला दिलेला नंबर, शोधा. मुख्य लेखाशीर्षांचे चार आकडी नंबर देशभर सारखेच असतात. 2235 म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण, 2071 म्हणजे निवृत्तिवेतन, 2049 म्हणजे व्याज, 2225 म्हणजे अनुसूचित जाती, जमाती वगैरेंचं कल्याण. एवढे चार पाठ केले तरी खूप आहे. वर्षाच्या मध्ये कुठल्या विभागाला किती वाटप झालं आणि किती खर्च झालं हे बघायला बीम्स नावाची सरकारी प्रणाली आहे. दिसायला ती जुनाट आहे, दोनदा रिफ्रेश मारावं लागतं, पण माल खरा असतो. आणि शासन निर्णयांच्या पोर्टलवर महिला व बाल विकास विभाग निवडून ‘निधी वितरित’ असं शोधलं तर हप्त्यासाठी किती पैसे सोडले ते जीआरमध्येच मिळतं. बातमीत "हप्ता लवकरच" येतं, जीआरमध्ये रक्कम आणि लेखाशीर्ष येतं, फरक आहे ना.

पुरवणी मागण्या सोडायच्या नाहीत

मार्चच्या बजेटवर चॅनलवाले दिवसभर चर्चा करतात आणि जुलै, डिसेंबरमधल्या पुरवणी मागण्यांवर दोन मिनिटं. प्रत्यक्षात नवीन योजनेचा भार बऱ्याचदा तिथेच दिसतो. जुलै 2024 ला 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यात 25,000 कोटी एकट्या लाडकी बहीणचे. डिसेंबर 2024 ला आणखी 1,400 कोटी. जुलै 2025 च्या अधिवेशनात परत 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, त्यात इतर सगळं पण आहे, सगळं योजनांच्या माथी मारू नका. पण "तरतूद एवढीच आहे" असं कुणी म्हणालं तर विचारायचं, पुरवणी धरून का सोडून?

तूट कशी सरकते ते पण यातच दिसतं. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम बजेटमध्ये महसुली तूट 9,734 कोटी दाखवली होती. चार महिन्यांनी जूनमध्ये त्याच वर्षासाठी 20,051 कोटी. 2025-26 च्या अंदाजात 45,891 कोटी. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच उसने घ्यावे लागणं, रस्ता पूल धरण यासाठीचं कर्ज वेगळं. म्हणून भाषणात राजकोषीय तुटीची, म्हणजे एकूण उसनवारीची, टक्केवारी (3 टक्क्यांच्या आत आहे, बघा बघा) जोरात सांगतात तेव्हा तुम्ही शांतपणे महसुली तुटीची ओळ शोधा.

पैसा कुणाच्या खात्यातून गेला

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोक सगळ्यात कमी बघतात. योजना एका विभागाची असली तरी पैसा दोनतीन विभागांतून येऊ शकतो. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी वळवले गेले, आणि तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाटांनी स्वतःच्याच सरकारवर उघड नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की लाभार्थी महिला अनुसूचित जाती जमातीच्या पण आहेत, म्हणून त्यांच्या वाट्याचा पैसा त्या घटकातून दिला. तांत्रिकदृष्ट्या ते बसवता येतं. पण वसतिगृह, स्कॉलरशिप यांच्यासाठी जो घटक राखून ठेवलाय त्यातूनच सर्वसाधारण योजनेचा हप्ता द्यायचा म्हणजे कागदावर तोच रुपया दोनदा मोजला जातो, एकदा "मागासवर्गीयांसाठी एवढी तरतूद" म्हणून आणि एकदा "बहिणींसाठी एवढी" म्हणून. मला तरी हे पटत नाही. तपासायचं कसं, तर निधी वितरणाचा जीआर उघडून कुठल्या विभागाचा आहे ते बघा, महिला व बाल विकास सोडून सामाजिक न्यायचा किंवा आदिवासी विकासचा दिसला तर तेच.

आणि जे वळवलं जात नाही ते बंद पडतं. 2025 च्या गणपतीत आनंदाचा शिधा (सणासाठी स्वस्तातला किराणा) आला नाही. एक रुपयातला पीकविमा 2023 च्या खरिपात सुरू झाला आणि 2025 च्या खरिपाआधी गुंडाळला, शेतकऱ्याला परत खरिपासाठी 2 टक्के हप्ता. तिथे बोगस अर्जांचं कारण दिलं गेलं आणि बोगस अर्ज झालेही होते, ते नाकारत नाही. सरकारी कामं करणाऱ्या कंत्राटदारांची बिलं थकली म्हणून 2025 ला राज्यभर आंदोलनं झाली. यातलं प्रत्येक लाडकी बहीणमुळेच झालं असं म्हणायला पुरावा लागतो, तो हातात नसेल तर म्हणू नका. फक्त ज्या वर्षी एका ओळीला 36,000 कोटी ठेवले त्याच वर्षी कुठल्या ओळी सुकल्या याची यादी करून ठेवा.

कशाशी तुलना करायची, कशाशी नाही

"प्रत्येक महाराष्ट्रीयाच्या डोक्यावर सत्तरेक हजारांचं कर्ज" हे वाक्य ऐकलं की मी पुढे वाचत नाही. राज्यावरचं कर्ज 2025-26 अखेर साधारण 9.3 लाख कोटी होईल असा अंदाज दिला होता, त्याला लोकसंख्येने भागलं की हा भीतीदायक आकडा तयार होतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा महसुली जमेने भागा. 2025-26 ची अंदाजित महसुली जमा 5,60,964 कोटी. त्यात 36,000 कोटी म्हणजे 6.4 टक्के. म्हणजे सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक शंभरातले साडेसहाच्या आसपास रुपये एका योजनेला. व्याजाचे 64 हजार कोटींच्या वर, म्हणजे शंभरातले साडेअकरा. आणि पगार, पेन्शन, व्याज तिन्ही मिळून निम्म्याच्या वर जातात, ते आधीच कापलेले असतात, अर्थमंत्री कुणीही असो.

म्हणून लाडकी बहीण 6.4 टक्के ऐकायला बारीक वाटली तरी ती उरलेल्या निम्म्यातून जाते, हे एक. आणि दुसरं, जे लोक फक्त दीड हजारावर तुटून पडतात त्यांनी 2071 ची ओळ पण उघडावी. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन द्या म्हणून मार्च 2023 ला संप झाला तेव्हा त्याचा पुढच्या वीस वर्षांचा हिशोब किती जणांनी मागितला होता?

माणशी आकडा काढायचाच असेल तर लाभार्थ्याने भागा. कृषिपंपांच्या मोफत विजेची योजना घ्या, साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, साधारण 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी. भागलं की पंपामागे साडेतेहतीस हजार रुपये. बाईमागे अठरा हजार. यावर कुठल्या कट्ट्यावर वाद होताना मी अजून पाहिलेला नाही. पण इथेही एक मेख आहे, त्या 14,760 मधले 6,985 कोटी आधीपासूनच वीजदर सवलतीपोटी दिले जात होते, नवीन भार 7,775 कोटींचा. जाहिरातीत बेरीज सांगतात, तुम्ही वजाबाकी करायची.

"बोगस लाभार्थी" वाली बातमी आली की

लगेच गुणाकार. 2025 ला बातमी आली की 14,298 पुरुषांनी योजनेचे पैसे घेतले. सगळीकडे मीम फिरले. दहा महिन्यांचे 15,000 धरले तर होतात साधारण 21 कोटी 44 लाख. वसूल करायलाच पाहिजेत, पण 33,232 कोटींपुढे हे शेकड्यात मोजायच्या लायकीचं पण नाही. उलट त्याच सुमाराला 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचे हप्ते थांबवले असं मंत्री आदिती तटकरेंनी सांगितलं, त्याचा गुणाकार करा, वर्षाला 4,741 कोटी. खर्चावर खरा परिणाम करणारी बातमी ही होती, पण तिच्यात मिशीवाला फोटो टाकता येत नाही ना.

आणि यादी छाटली की कोण छाटलं जातं हेही बघा. ई-केवायसीत महिलेचा आधार आणि सोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्याचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. आता जिचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत तिने कुणाचा ओटीपी आणायचा? सेवा केंद्रात रांगेत उभं राहून नंबर आल्यावर हे कळायचं आणि परत जायचं. नंतर अशा महिलांची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली, पण तोपर्यंत चकरा झाल्याच. खर्च कमी करायचा असेल तर उत्पन्नाची अट तपासा की, अडीच लाखांची, ती तर पहिल्या दिवसापासून आहे, निवडणुकीआधी ती तपासायला कुणाला वेळ नव्हता.

शेवटचा प्रश्न: पैसा येणार कुठून हे सांगितलंय का

महाराष्ट्राने एकदा हे नीट करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागेंची कल्पना, आणि तिच्यासाठी 1975 ला व्यवसाय कराचा कायदा केला. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ते बघून आपण चिडतो, तो कर मुळात रोहयोसाठी आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची असं ठरलं होतं. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचा खर्च उचलायचा, हे उघड सांगून केलं. म्हणून नवीन योजना आली की बजेट भाषणाच्या दुसऱ्या भागात, जिथे कर प्रस्ताव असतात, तिथे जाऊन बघा की तिच्यासाठी नवी जमा कुठली दाखवलीय. काहीच नसेल तर पैसा एकतर कर्जातून येणार नाहीतर दुसऱ्या ओळीतून.

हे सगळं करून पण एखादा आकडा सापडला नाही तर माहिती अधिकारात मागा. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, लांबड लावली तर तेवढ्यावरून परत येतो. "योजनेवर किती खर्च झाला" असं मोघम विचारू नका. असं विचारा: अमुक आर्थिक वर्षात अमुक योजनेसाठी मंजूर तरतूद, पुरवणी तरतूद, प्रत्यक्ष वितरित निधी व प्रत्यक्ष खर्च, महिनानिहाय व लेखाशीर्षनिहाय, तसेच प्रत्येक महिन्यात लाभ दिलेल्या लाभार्थ्यांची संख्या. लाभार्थी संख्या मागायला विसरू नका, तीच नसेल तर भागाकार कशाने करणार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तर त्याच विभागात पहिलं अपील टाका, जनमाहिती अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. आणि उत्तराची स्कॅन कॉपी जपून ठेवा, पुढच्या मार्चमध्ये लागेल.